चकाकत्या रंगाखालची पुट्टी : जुनी डिश घेताना झालेली फसवणूक

घरामागच्या मोकळ्या जागेत तीन मीटर व्यासाची जुनी सी-बँड डिश उभी करावी, अशी माझी अनेक वर्षांची इच्छा होती. आधी ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले उपग्रह टिपायचे आणि पुढे त्याच डिशवर अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर ऐकायची, असा बेत होता. अमेरिकन रेडिओ अभियंते ग्रोट रेबर यांनी १९३७ साली स्वतःच्या घराच्या आवारात सुमारे साडेनऊ मीटरची डिश बांधली आणि पुढे तिच्यावर आकाशाचा रेडिओ-नकाशा काढला, हे वाचल्यापासून तो ध्यास लागला होता. अशा ध्यासाने माणूस घाई करतो, हे विक्रेत्याने नेमके ओळखले. ज्यांना अशी डिश घ्यायची आहे त्यांची तरी फसगत होऊ नये, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

टाकून दिलेल्या डिश गोळा करून, दुरुस्त करून विकणे हा त्या गृहस्थांचा व्यवसाय होता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या सहा पाकळ्या, पोलार माउंट (डिश एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे फिरवता येईल असा आधार), ॲक्च्युएटर (ती फिरवणारा मोटारीचा दांडा) आणि एलएनबी (डिशसमोर बसवलेला, सिग्नल टिपून वाढवणारा भाग) असा संच त्यांनी मला दाखवला. सर्व पाकळ्या एकाच मूळ डिशच्या आहेत आणि पोचे ठोकून सरळ केले आहेत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पाकळ्यांवर नुकताच दिलेला पांढरा चकाकता रंग होता. तो पाहून मी खूश झालो, ही माझी पहिली चूक. डिशला रंग मंद, बिनचकाकीचा द्यायचा असतो. उपग्रह आणि सूर्य एका रेषेत येतात त्या दिवसांत चकाकता पृष्ठभाग ऊन थेट फीडवर, म्हणजे डिश जिथे सिग्नल गोळा करते त्या भागावर, एकवटतो आणि तिथले प्लॅस्टिकचे झाकण वितळण्याचा धोका असतो. डिशच्या कामात मुरलेला माणूस असा रंग सहसा देणार नाही.

मग त्यांनी डिश आकाशाकडे वळवून रिसीव्हर जोडला आणि पडद्यावर सिग्नलची पट्टी ८० टक्क्यांच्या वर गेलेली दाखवली. त्या पट्टीवर माझा विश्वास बसला. पुढे समजले, आणि हे प्रत्येकाने नीट लक्षात ठेवावे, की पडद्यावर दोन पट्ट्या असतात. पहिली, ‘स्ट्रेंथ’ची, केबलमधून एकूण किती शक्ती येते तेवढेच सांगते, आणि एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही त्यात मोजला जातो, त्यामुळे डिश रिकाम्या आकाशाकडे असली तरी ती भरलेली दिसू शकते. रिसीव्हरला खरोखर काही उलगडते आहे की नाही, हे ‘क्वालिटी’च्या पट्टीवर कळते, आणि ती पट्टी दिसणार नाही अशा बेताने ते गृहस्थ पडद्यासमोर उभे होते. दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, असे सांगून त्यांनी संपूर्ण रक्कम माल गाडीत चढवण्यापूर्वीच घेतली.

घरी डिश जोडायला घेतली तेव्हा दोन पाकळ्यांची भोके शेजारच्या पाकळ्यांशी जुळेनात. ती कानशीने लांबट केलेली होती. जोर लावून बोल्ट आवळले, डिश उभी राहिली, पण एकही उपग्रह मिळेना. आठ दिवस मी दिशा, उंचीचा कोन आणि एलएनबीचे ध्रुवीकरण (लहर आडवी की उभी, त्यानुसार एलएनबी फिरवणे) यांतच चूक शोधत राहिलो. शेवटी डिश खाली उतरवून कडेपासून कडेपर्यंत दोन दोरे एकमेकांना काटकोनात ताणून बांधले. कड एका पातळीत असेल तर असे दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम टेकतात. माझ्या दोऱ्यांमध्ये जवळपास दोन सेंटिमीटरची फट होती.

त्यानंतर पाकळ्यांची वक्रता तपासायला प्लायवूडचा साचा कापला. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळा पटींनी भागले की नाभीय अंतर, म्हणजे डिशच्या तळापासून लहरी एकवटतात त्या बिंदूपर्यंतचे अंतर, मिळते. तीन मीटर व्यास आणि अर्धा मीटर खोली यांवरून ते १.१२५ मीटर येते, आणि त्या हिशेबाने केंद्रापासून ७५ सेंटिमीटरवर पृष्ठभाग तळापासून साडेबारा सेंटिमीटर उंच हवा. चार पाकळ्यांवर साचा चपखल बसला. उरलेल्या दोन पाकळ्या त्याच ठिकाणी सुमारे १४ मिलिमीटर चुकीच्या निघाल्या. त्या दुसऱ्या, अधिक उथळ डिशच्या होत्या आणि बोल्टांनी ओढून बळेच बसवलेल्या होत्या. ४ गिगाहर्ट्‌झला लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर असते आणि पृष्ठभागाची सरासरी चूक तिच्या सोळाव्या हिश्शाएवढी, म्हणजे पाचएक मिलिमीटर झाली, तरी जवळजवळ निम्मा सिग्नल वाया जातो. परावर्तनामुळे मार्गातला फरक चुकीच्या सुमारे दुप्पट होतो, त्यामुळे माझ्या डिशचा तिसरा हिस्सा निरुपयोगी होता एवढेच नव्हे, तर उरलेल्या चार पाकळ्यांनी गोळा केलेले तो काही अंशी खोडूनही काढत होता.

सर्वांत जास्त वाईट मात्र रंग खरवडल्यावर वाटले. ठोकून सरळ केले म्हणून सांगितलेले पोचे तसेच होते. त्यांत मोटारीच्या दुरुस्तीत वापरतात ती पुट्टी भरून, घासून, वर रंग दिला होता. डोळ्यांना पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, बोटांनाही लागतो, पण रेडिओलहर पुट्टीतून आरपार जाते आणि आतल्या वाकलेल्या पत्र्यावरूनच परतते. पुट्टीने डिश सुधारत नाही, फक्त तिचा दोष झाकला जातो, आणि ज्याला हे काम येते त्याला ही गोष्ट ठाऊक असते. म्हणूनच मी याला निष्काळजीपणा न म्हणता फसवणूक म्हणतो. पोलादी पत्रा असेल तर पुट्टीच्या जागी लोहचुंबकाची पकड सैल पडते; ॲल्युमिनियमवर चुंबक चालत नाही, तिथे बोटाने टिचकी मारत जावे, पुट्टीवर आवाज बद्द येतो. ॲक्च्युएटरच्या नळीतही पाणी शिरून स्क्रू गंजलेला निघाला, पण त्याचे दुःख तुलनेने कमी.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्यांनी आधी उपग्रहच क्षीण झाल्याचे सांगितले, मग जुन्या मालाला हमी नसते असे सांगितले, आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पावती काढून पाहिली तर तिच्यावर ‘जुने भंगार साहित्य’ एवढेच शब्द होते. पाकळ्यांची संख्या, सर्व पाकळ्या एकाच डिशच्या असल्याची कबुली, कोणत्या उपग्रहावर किती क्वालिटी दाखवली, यातले काहीही लिहिलेले नव्हते, त्यामुळे तक्रार करायला हातात पुरावाच उरला नाही. हे सर्व पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आणि दोऱ्याची परीक्षा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

योग्य वक्रतेच्या दोन पाकळ्यांचा शोध अजून चालू आहे. त्या खोट्या पाकळ्या मी भंगारात दिलेल्या नाहीत. एकीचा रंग खरवडलेला आहे, दुसरीचा तसाच ठेवला आहे, आणि जुनी डिश घ्यायला निघालेले कोणी भेटले की त्यांना आधी दोन्हींवर टिचकी मारायला लावतो.