स्क्रीनवरचे केस माझे नव्हतेच

केसगळती थांबवण्याच्या नावाखाली एका हेअर सेंटरने माझे घालवले ५८,३३९ रुपये. ९९ नोंदणीचे, ५,००० यूपीआयने, ३,४५० तेल आणि सीरमचे, ४९,२०० कर्जाचे आणि ५९० एका चुकलेल्या हप्त्याचे. हा आकडा नवऱ्याशिवाय कुणाला सांगितला नव्हता. आईला अजूनही ‘दहा-बारा हजार गेले’ एवढंच माहीत आहे. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे लाज जास्तच वाटते. पण परवा एका पालकाने शेजारच्या तालुक्यातल्या केसांच्या शिबिराचं पत्रक दाखवलं. नाव वेगळं, पण फोटो तेच आणि ‘फक्त ९९ रुपयांत मुळांची तपासणी’ हे वाक्यही तेच. म्हणून लिहिते आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. डिसेंबरात केस गळायला लागले. बाथरूमच्या जाळीवर रोज मुठीएवढा गुंता, उशीवर केस, कणकेत केस. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एक दिवस परात त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. आई फोनवर म्हणाली, “कायले एवढी घाबरतं? तापानं जातेच केस, येतीन मंग.” नंतर खऱ्या डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं, ५०० रुपये फी घेऊन. आईने फुकट सांगितलं होतं तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं.

मी उगाच घाबरले नव्हते, हेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांच्या बातम्या आठवा. तीन-चार दिवसांत माणसांना टक्कल पडत होतं. आमचं शहर तिथून तास-दीड तासावर. पाण्याचा संशय, शाम्पूचा संशय, घरोघरी तोच विषय. पुढे आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक येऊन नमुने घेऊन गेलं, संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण हे सगळं नंतर. आमच्या शहरात त्या सेंटरचं शिबिर लागलं १२ जानेवारीला, रविवारी, भीती ऐन भरात असताना. लोकांचा जीव टांगणीला लागला की ही माणसं बरोबर तेव्हाच दुकान मांडतात.

आता तो क्षण. त्यावर मी महिनोन्महिने जळते आहे.

पांढरा कोट घातलेल्या मुलीने पेनासारखा कॅमेरा माझ्या भांगावर टेकवला आणि समोरच्या टीव्हीवर चित्र आलं. खरबरीत, कोंड्याने भरलेली त्वचा, मध्ये-मध्ये एकेकटा केस. “बघा मॅडम, मुळं बंद पडत चाललीत. शेगावला झालं त्याची ही सुरुवात. दोन महिने थांबलात तर मग ट्रान्सप्लांटच.” मी बघत होते आणि त्या चित्रातले केस लालसर होते. मेंदी लावून लावून होतात तसे, आणि बुडाशी बोटभर पांढरे. मी आयुष्यात केसांना मेंदी लावलेली नाही. माझा एकही केस तेव्हा पांढरा नव्हता. माझ्या मनात आलंसुद्धा, हे लाल कसे? आणि मी स्वतःलाच सांगितलं की लाइटमुळे दिसत असतील.

एवढंच करायचं होतं की “कॅमेरा कपाळावर ठेवून दाखवा” म्हणायचं. चित्र बदललं नसतं आणि मी उठून घरी आले असते. पण बाहेर पंधरा-वीस बायका रांगेत, ती मुलगी हळू आवाजात बोलत होती, जणू माझं गुपित सांभाळते आहे. रडवेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. तुम्हालाही सुचले नसते.

पॅकेज ७२,००० चं, ‘आज घेतलं तर’ ५४,२००. आठ बैठका पीआरपीच्या. ५,००० लगेच आणि उरलेले ‘सेंटरच्या सोयीच्या हप्त्यांत’, महिना ४,१०० प्रमाणे बारा महिने. आधार, पॅन, फोटो आणि “मॅडम, नोंदणीचा ओटीपी आलाय तो सांगा.” तो नोंदणीचा नव्हता. मेसेजमध्ये कर्ज हा शब्द होता, मी घरी येऊन वाचला. पैसे एका फायनान्स कंपनीने सेंटरला एकरकमी दिले आणि कर्जदार झाले मी. ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जातून बाहेर पडायला सुरुवातीला थोडी मुदत असते, ‘कूलिंग ऑफ’ म्हणतात. मला ती संपल्यावर कळली.

१९ जानेवारी, ९ फेब्रुवारी आणि २ मार्च अशा तीन बैठका झाल्या. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वरचा प्लाझ्मा डोक्यात टोचायचा, तोही ताजाच. तिसऱ्या वेळी रक्तच काढलं नाही. म्हणाले, मागचं साठवलंय. डॉक्टर एकदाही दिसले नाहीत, ‘सर व्हिडिओवर आहेत’. सीरमच्या बाटलीवर बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. २३ मार्चला गेले तर शटर बंद, वर ‘गाळा भाड्याने देणे आहे’.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “सही तुमचीच ना?” मग, “हा दिवाणी मामला आहे.” मग, “सेवा तर मिळाली ना तीन वेळा?” हवालदार माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, “केस तर आहेत की मॅडम.” मागे बसलेले दोघे हसले. लेखी अर्ज घ्या म्हटलं तर साहेब नाहीत. दुसऱ्यांदा गेले, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्यांदा नवरा बरोबर आला तेव्हा पोच मिळाली! आरोग्य खात्यात गेले तर म्हणाले, ब्यूटी पार्लर म्हणून परवाना असेल तर आमच्याकडे येत नाही. परवाना देणाऱ्या खिडकीवर म्हणाले, सुया टोचत असतील तर आरोग्याकडे जा. सुया टोचत होते म्हणूनच तर मी आरोग्याकडे गेले होते. फायनान्स कंपनीचं एकच पालुपद, तुमचा वाद सेंटरशी, हप्ता आमचा. मे महिन्यात मुद्दाम खात्यात पैसे ठेवले नाहीत तर ५९० दंड, सिबिल घसरला, वर शाळेच्या नंबरवर वसुलीचा फोन. घराच्या कर्जाचा अर्ज टाकलेला होता. शेवटी सगळे हप्ते भरले. ज्यांनी फसवलं त्यांना एक फोन नाही, आणि वसुली माझ्याकडून.

एप्रिलमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी चिमटीत केस धरून हलकेच ओढले, डेंग्यू कधी झाला ते विचारलं, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. ते ११ आलं, म्हणजे कमी. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे एकदम गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात त्याला. लोहाच्या गोळ्या दिल्या, बस. दिवसाला ५० ते १०० केस तर सगळ्यांचेच जातात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो तपासता येतो. नसेल तर सुई टोचून घेऊ नका. गळतीचं कारण सांगण्याआधी जो किंमत सांगतो, त्याच्यासमोर बसूच नका.

माझे केस ऑगस्टपर्यंत भांगाशी नवे उगवले. त्याचं श्रेयही ते सेंटरवाले घेतील, म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवलंय.

१२ जानेवारी २०२५ च्या आसपास ज्यांनी ज्यांनी असं पॅकेज घेतलं त्यांनी पावत्या, कर्जाचे मेसेज आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो पुसू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. त्या रांगेत माझ्या पुढे हिरव्या शालीतल्या एक काकू होत्या. त्यांच्या केसांना मेंदी होती. त्यांना चित्र कोणतं दाखवलं ते मला विचारायचं आहे.