ओएस ४६ एएक्स टू : इंजिन तालेवार, पण टाकी बसवताना आळस केलात तर बदनाम होईल

रेडिओ-कंट्रोल मॉडेल विमानांमध्ये ४० ते ४६ साइझच्या (म्हणजे ०.४० ते ०.४६ घनइंचाचं इंजिन लागणाऱ्या) ट्रेनरसाठी, म्हणजे शिकाऊ विमानासाठी, किंवा लो-विंग स्पोर्ट विमानासाठी ग्लो इंजिन (प्लगच्या तापलेल्या वायरवर इंधन पेटवणारं) घ्यायचं असेल तर ओएस कंपनीचं हे डोळे मिटून घ्यावं इतकं चांगलं आहे. ७.४५ सीसी, बोअर २२ मिमी, स्ट्रोक १९.६ मिमी, सायलेन्सरसकट वजन अर्ध्या किलोच्या जरा आत. कंपनी १६,००० आरपीएमला १.६५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) सांगते, तो आकडा वाचून सोडून द्या. ट्रेनरवर ११ बाय ६ इंचांचा प्रॉप (पंखा) लावला की जमिनीवर टॅकोमीटर १२ ते १३ हजारांच्या आसपास दाखवतो, आणि तेवढं पुष्कळ आहे. त्या वेगाला प्रॉपचं टोक ताशी साडेसहाशे किलोमीटरने फिरत असतं, हे मात्र बोट पुढे नेताना लक्षात असू द्या.

खोक्यातून काढल्याबरोबर पहिली तक्रार ठरलेली : ‘इंजिन जाम आहे.’ जाम नाही. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, वरच्या बाजूला किंचित निमुळता केलेला असतो, म्हणून थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला अडकल्यासारखा होतो, कधी चीं असा आवाजही येतो. तापल्यावर लायनर वर जास्त फुगतो आणि फट बरोबर जुळते. कोरडं इंजिन हाताने पुन्हा पुन्हा त्या टोकावरून ओढत बसू नका. दोन-चार थेंब तेल टाका आणि मगच फिरवा.

याच कारणाने रनिंग-इनची (नवं इंजिन रुळवण्याची) जुनी पद्धत इथे उलटते. बिडाच्या पिस्टनचं इंजिन तासभर गदळ रिच (इंधन जास्त, हवा कमी) ठेवून भकभकवत ठेवायचे, तसं याला ठेवलंत तर ते कधी पुरतं तापतच नाही आणि घट्ट पिस्टन लायनर खरवडत राहतो. पहिल्या टाकीपासून पूर्ण थ्रॉटल ठेवायचा आणि नीडलने (इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या स्क्रूने) खेळवायचं : काही सेकंद लीनकडे (इंधन कमी) नेऊन आवाज टू-स्ट्रोकसारखा सलग चढू द्यायचा, मग पुन्हा उघडून फोर-स्ट्रोकसारखा जाड, तुटक आवाज येऊ द्यायचा. दोन-तीन टाक्यांत हे उरकतं. पुढची काही उड्डाणं थोडं रिच ठेवून करा. रनिंग-इन पूर्ण व्हायला वेळ लागतो तो हवेतच लागू दे, स्टँडवर लिटर-लिटर इंधन जाळण्यात अर्थ नाही.

इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रो (नायट्रोमिथेन) आणि तेल यांचं मिश्रण : नायट्रो ५ ते १५ टक्के, तेल १८ टक्क्यांच्या खाली नको, आणि त्या तेलात थोडं तरी एरंडेल असलेलं बरं. या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नाही. जे तेल आहे ते इंधनातूनच येतं. म्हणून लीन चालवणं दुहेरी महागात पडतं : थंड करणारं मिथेनॉल कमी आणि तेलही कमी.

आता टाकी. निम्म्याहून जास्त ‘इंजिन खराब’ तक्रारींचं मूळ इथे सापडतं. ३०० ते ३५० सीसीची टाकी, फायरवॉलला (इंजिनामागच्या लाकडी भिंतीला) जितकी चिकटून बसेल तितकी पुढे, आणि टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या स्प्रे बारच्या (जिथून इंधन फवारलं जातं त्या नळीच्या) पातळीला किंवा फार तर सेंटीमीटरभर खाली. टाकी वर राहिली तर भरलेल्या टाकीला इंजिन रिच चालतं, शेवटच्या पाव टाकीला लीन होतं, आणि माणूस नीडलला शिव्या देतो. खाली-मागे राहिली तर नाक वर केलं की मान टाकतं. टाकीभोवती फोम हवाच. लाकडाला टेकलेल्या टाकीत इंधनाला फेस येतो आणि नळीतून बुडबुडे जातात. क्लंक (टाकीतल्या नळीच्या टोकाचं वजन) मागच्या भिंतीला न चिकटता सगळीकडे मोकळा पडतो का, ते टाकी कानाशी हलवून ऐका. सायलेन्सरच्या निप्पलवरून येणारी प्रेशरची नळी टाकीच्या व्हेंटला जोडायची. ती विसरलात तर नीडल लागणारच नाही.

स्टार्ट करणं सोपं आहे. नीडल हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड ते दोन फेरे उघडा. थ्रॉटल पूर्ण उघडा, ग्लो बॅटरी (प्लगची वायर तापवणारी) न लावता कार्बच्या तोंडावर बोट ठेवा आणि नळीतून इंधन कार्बला पोचेपर्यंत प्रॉप दोन-तीनदा फिरवा. मग थ्रॉटल पाव उघडा ठेवून बॅटरी लावा. प्रॉप असा घट्ट केलेला हवा की समोरून पाहताना कॉम्प्रेशन एक-दोन वाजण्याच्या जागी लागेल. झटका द्यायला हाताला तीच जागा सोयीची. काठी वापरा किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर. एकच इशारा : प्रॉप फिरवताना एकदम दगडासारखा अडला तर आत इंधन साठलं आहे. स्टार्टरने जबरदस्ती केलीत तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, विमान उलटं धरा, प्रॉप फिरवून इंधन बाहेर फेकू द्या. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे हे करताना बॅटरीची क्लिप लांब.

हाय-स्पीड नीडल नेहमी आधी, लो-स्पीड स्क्रू (आयडलला, म्हणजे कमी वेगाला, मिश्रण ठरवणारा) नंतर. पूर्ण थ्रॉटलला नीडल एकेक टिक बंद करत जा. आरपीएम चढत जाईल, एका जागी थांबेल, पुढच्या टिकला उतरायला लागेल. त्या शिखरावरून २०० ते ३०० आरपीएम खाली येईपर्यंत नीडल उघडायचं. टॅकोमीटर नसेल तर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा : आवाज जरासा चढून पडला तर बरोबर, न चढताच पडला तर आधीच लीन. मग मदतनिसाने विमान घट्ट धरून नाक सरळ आकाशाकडे करावं. आवाज तसाच राहायला हवा किंवा किंचित चढायला हवा. मान टाकली तर दोन टिक आणखी उघडा. ही चाचणी टाळणाऱ्यांची विमानं पहिल्याच लूपमध्ये वरच्या टोकाला गप्प होतात.

आयडल २,००० ते २,५०० मध्ये स्थिर बसतं, आणि हा कार्ब्युरेटरचा खरा मोठेपणा. दहा-पंधरा सेकंद आयडलला ठेवून झटकन रेस द्या. धूर सोडत, अडखळत उचललं तर लो-स्पीड रिच. धूर न सोडता टपकन बंद पडलं तर लीन. स्क्रू १५ ते ३० अंशच फिरवा, घड्याळाच्या दिशेने लीन, आणि प्रत्येक वेळी पुन्हा रेस देऊन पाहा. कारखान्याचं सेटिंग बहुधा उडण्याजोगं असतं. पहिल्या दिवशी त्याला हात लावायची खाज आवरा. बॅटरी काढली की आरपीएम दणकन पडत असेल तर स्क्रूकडे वळण्याआधी प्लग बदला. प्लगची वायर दुधी, वेडीवाकडी झालेली असेल किंवा तिच्यावर धातूचे बारीक कण दिसले तर इंजिन लीन चाललं होतं, याचा तो पुरावा समजा.

आता खटकणारी गोष्ट. नीडल कार्बवर नाही, मागच्या बाजूला बॅकप्लेटपाशी (इंजिनाच्या मागच्या झाकणापाशी) आहे. हात प्रॉपपासून लांब राहतो, हा फायदा वादातीत. पण त्यामुळे नीडल ते कार्ब अशी आणखी एक नळी आली, आणि सायलेन्सरशेजारच्या उष्णतेत तीच आधी कडक होऊन तडकते. तडा केसाएवढा असला तरी हवा ओढतो : सकाळी जमलेलं सेटिंग दुपारी जमत नाही, नीडल उघडत गेलं तरी इंजिन लीनच. मोसमात एकदा ती नळी न पाहताच बदला. नीडलच्या आट्यांतूनही हवा येऊ शकते; तिथे सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा कॉलरसारखा चढवला की बंद. शिवाय फायरवॉल जवळ असेल तर नीडलला जागा पुरत नाही, हे इंजिनाच्या माउंटला भोकं पाडण्याआधी मोजून घ्या.

सायलेन्सरचे स्क्रू पहिल्या गरम रननंतर पुन्हा आवळा. प्रॉपनट दर दिवशी. बॅकफायर झाला की नट सैल होतो, म्हणून लॉकनट लावा.

दिवस संपताना टाकी रिकामी करा, नळी काढा, बॅटरी लावून उरलेलं इंधन जाळून टाका, मग आफ्टर-रन ऑइल (गंज टाळणारं तेल) कार्बमध्ये टाकून प्रॉप फिरवा. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, नायट्रो जळून आम्ल सोडतं, आणि मागच्या बेअरिंगवर गंज दोन आठवड्यांत दिसतो. बेअरिंग खरखरायला लागलं तर लगेच बदला. निसटलेली गोळी लायनरमध्ये गेली तर नवं इंजिनच घ्यावं लागतं.

विमानाचं वजन अडीच-तीन किलोपर्यंत असेल तर हेच घ्या. त्याहून जड असेल तर ओएसचंच मोठं ५५ एएक्स पाहा. आणि मैदानावर पोचून पाच मिनिटांत उडायचं असेल तर इलेक्ट्रिक मोटर घ्या, इथे पाच मिनिटं फक्त तेल पुसण्यात जातात.