रंगांधळ्यांचा चष्मा: घेण्याआधी एवढं पाहा

ठाण्यात गोखले रोडवरच्या दुकानात हा चष्मा मागणार असाल, तर आधी इशिहारा चाचणी (पुस्तकातल्या रंगीत ठिपक्यांमधला आकडा ओळखायची) करून घ्या. पुस्तक दिवसाच्या उजेडात, ७५ सेंटीमीटरवर, एका पानाला ३ सेकंद. पिवळ्या बल्बखाली दोष लपू शकतो, ती चाचणी धरू नका.

काच लाल-हिरव्याच्या मधला पट्टा गाळते, त्यामुळे दोन रंगांतला फरक ठळक होतो. दोष सौम्य असेल तर जांभळी नाक्यावर कच्चा-पिकलेला टोमॅटो जरा पटकन ओळखू येईल. पण डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींपैकी एक प्रकारच नसेल, तर पैसे वाया. उजेडही कमी होतो, रात्री घोडबंदर रोडवर गाडी चालवताना अजिबात घालू नका.

‘चष्म्याने दोष बरा होतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून उठाच. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. वाहक आईच्या, म्हणजे स्वतःला दोष नसला तरी तो पुढे देऊ शकणाऱ्या आईच्या, प्रत्येक मुलग्याला तो येण्याची शक्यता निम्मी. दोष असलेल्या बापाकडून मुलग्याला जात नाही, त्याच्या मुली मात्र सगळ्या वाहक. म्हणून घरात विचारायचं ते आईच्या वडिलांबद्दल आणि मामांबद्दल.

चष्मा घालून पंधरा मिनिटं उन्हात फिरून बघा, परतीची अट बिलावर लिहून घ्या.