वर्गात पॉडकास्ट: ऐकवायचा की मुलांकडून करून घ्यायचा?

पॉडकास्टचा तयार भाग ऐकवणं एका तासिकेत बसतं. 40 पटाच्या वर्गात मुलांनी स्वतः भाग करायचा म्हटलं तर निदान सहा तासिका लागतात. तरी आठवी-नववीच्या भाषा शिक्षकांना आमचा सल्ला असा, की वर्षातून एकदा का होईना, करून घ्याच. विज्ञान-इतिहासाला मात्र ऐकवणं पुरतं.

ऐकवायला तयारी लागत नाही असं वाटतं आणि तास तिथेच फसतो. 35 मिनिटांच्या तासिकेत ऑडिओ 6 ते 8 मिनिटांचाच असावा. आधी फळ्यावर तीन प्रश्न लिहा, मग एकदा सलग ऐकवा, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. प्रश्न नसले की मागचे बाक लगेच गप्पांना लागतात. फोनचा आवाज तिथवर पोचतही नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधोमध ठेवा, कारण नुसता आवाज वाढवला तर पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना शब्द घुमून ऐकू येतात. भाग आदल्या दिवशी डाउनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ब्लूटूथ परत चालू करा. अवघड मजकुरासाठी ऐकवण्याचा वेग 0.75 करू नका. बोलणं ओढल्यासारखं होतं. त्यापेक्षा थांबवून विचारा. कमी ऐकू येणारं मूल वर्गात असेल तर लिखित संहिता हवीच. आकृती किंवा नकाशावर चालणाऱ्या पाठाला हा मार्ग निरुपयोगी.

करून घेताना चार-चार मुलांचे दहा गट पाडा आणि प्रत्येक गटाला तीन मिनिटं द्या. तीन मिनिटं म्हणजे साधारण 330 शब्द. विषय ठरवून मसुदा लिहायला दोन तासिका, सरावाला एक, रेकॉर्डिंगला तीन. एका खोलीत एका वेळी एकच गट रेकॉर्ड करू शकतो, सगळा वेळ त्यातच जातो.

पूर्ण मसुदा हातात दिला की मुलं धडा वाचल्यासारखं बोलतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी पाच-सहा मुद्द्यांची चिठ्ठीच हातात असू द्या. पत्र्याच्या किंवा रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पुस्तकांची कपाटं असलेलं वाचनालय बरं. पंखा बंद, फोनखाली दुमडलेली सतरंजी. माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ असतो आणि मुलांची बोटं नेमकी तिथेच जातात. तोंडापासून वीतभर अंतर ठेवा, थोडं तिरकं, म्हणजे 'फ', 'भ' चे फटके बसत नाहीत. एकदा 10 सेकंदांची चाचणी ऐकून मगच पुढे जा.

संपादनाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मूळ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 5 एमबी होते, 64 केबीपीएस एमपी3 केली तर अर्धा एमबी. पालकांच्या ग्रुपवर एमपी3च पाठवा. चित्रपटातली गाणी पार्श्वभूमीला नकोत, कॉपीराइटची कटकट होते. पालकांची लेखी संमती आधी घ्या, मुलांचं पूर्ण नाव घेऊ नका आणि फाइल जाहीर अपलोड करू नका.

सहा तासिका अजिबात निघत नसतील तर मधला मार्ग आहे: भाग ऐकवा आणि प्रत्येक गटाकडून एक मिनिटाचं उत्तर फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरवर घ्या. दोन तासिकांत होतं.

गुण द्यायचे असतील तर 10 पैकी 4 आशयाला, 3 उच्चाराला, 3 गटातल्या चौघांनीही बोलण्याला. संगीताला शून्य, नाहीतर मुलं तासिका त्यातच घालवतात.