अथेन्सचा एक उन्हाळा: समर सेशन घ्यावं की अगोरात खणावं?

अथेन्सच्या अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीजमध्ये उन्हाळ्यात काय करावं हे पुरातत्त्वातली ज्युनियर मंडळी हल्ली फार विचारतात, ग्रीसभर फिरून शिकायचं सहा आठवड्यांचं समर सेशन की अगोराच्या, म्हणजे अथेन्सच्या प्राचीन बाजारचौकाच्या, उत्खननात व्हॉलंटियर. प्राचीन ग्रीसचा अभ्यास आणि उत्खनन करणारी ही संस्था १८८१ पासूनची आहे, आता सरळ मुद्द्यावर येतो.

सेशनमध्ये फिरणं प्रचंड. मायसिनी, डेल्फी, ऑलिम्पिया, क्रीट, शिवाय कॉरिंथ, जिथं हीच संस्था १८९६ पासून खणतेय. प्रत्येकाला एखादी वास्तू नेमून देतात आणि तिच्यासमोरच भर उन्हात उभं राहून बाकीच्यांना समजावून सांगायची. माझी एक मैत्रीण करून आली, ती कॉलेजात शिकवते, आणि तिच्या मते वर्गात उभं राहिल्यावर याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कशाचाच नाही. पटतं मला. फी मात्र हजारो डॉलरच्या घरात, हे आधीच बघून ठेवा.

मी अगोरा घेतलं, आणि कारण ऐकून हसाल. कॉलेजच्या स्टडी टूरला ऐहोळे, बदामी, पट्टदकल, हंपी असं केलं होतं, रोज सकाळी बॅग भरा, बसमध्ये चढा, उतरा, फोटो काढा, परत चढा, आणि घरी आल्यावर निम्म्या फोटोंतलं देऊळ नेमकं कुठलं तेच सांगता येईना. ती रोजची बॅग डोक्यात बसली ती बसलीच. सहा आठवडे तेच करायचं म्हटल्यावर अंगावर काटा आला. यात सेशनची काही चूक नाही, एवढा देश दाखवायचा तर फिरवणारच ना.

अगोरात १९३१ पासून खणताहेत. तिथं तुम्ही, तुमचा ट्रेंच (खणायचा चर) आणि कुदळ, ट्रॉवेल (छोटी थापी), घमेलं, बस. जवळून मेट्रो धडधडत जाते, एड्रियानू रस्त्यावरची हॉटेलं शेजारीच. पण एकाच जागी राहिल्याने मातीचा रंग बदलला की कुणी न सांगता कळायला लागतं, हे बसच्या खिडकीतून होत नाही. खापरं धुवायची पाळी आली की पुण्यात पुरातत्त्व शिकलेल्या पोरांना आपला पॉटरी यार्ड, म्हणजे खापरं मांडून बघायची जागा, आठवणार. नोंदी आणि वस्तू जातात स्टोआ ऑफ अॅटॅलसमध्ये, अगोरातलीच खांबांच्या ओळींची प्राचीन इमारत, १९५३ ते ५६ मध्ये नव्याने उभारलेली, संग्रहालयही तिथंच. खुद्द त्या इमारतीत काम चाललेलं बघणं हेच एक शिक्षण आहे.

तोटाही सांगतो. पेरिक्लीसच्या काळाला, म्हणजे इसवीसनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या अथेन्सला, हात लावायला जाल आणि अख्खा उन्हाळा कितीतरी नंतरच्या, मध्ययुगातल्या बायझंटाइन घराच्या भिंतीत जाईल, कारण वरचे थर आधी नीट काढल्याशिवाय खाली जाता येत नाही. पर्यटक दोरीपलीकडून फोटो काढत असतात ते वेगळंच.

संस्थेच्या व्याख्यानांसाठी म्हणून उन्हाळ्यात जाऊ नका, ती मुख्यतः हिवाळ्याच्या बाजूला असतात. त्यातली काही घरबसल्या ऑनलाइन बघता येतात, फक्त अथेन्सला संध्याकाळचे सात म्हणजे थंडीत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा.

तर शिकवत असाल किंवा ग्रीस पहिल्यांदाच बघणार असाल तर सेशन वाईट नाही, उलट चांगलंच. पण हात मळवायची खाज असेल तर मला वाटतं अगोरा, बाकी ज्याची त्याची आवड. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात, आणि शेंगेनच्या व्हिसाची अपॉइंटमेंट उन्हाळ्याच्या तोंडावर मिळत नाही, तेव्हा निवड झाली की आधी ती धरा.