नऊ इंची पडदा आणि दोन रुपयांचा लग: बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सचे आठ महिने

बोट २१ फुटी, फायबरची, मागे ११५ एचपीचं आउटबोर्ड इंजिन. मेहुण्याची आणि माझी अर्धी-अर्धी. मांडवा, थळ, कुलाबा किल्ला, कधी रेवदंडा, वर्षातून चार-सहा वेळा गेटवे, एवढाच आमचा संचार. गेल्या ऑक्टोबरात तिच्यावर नऊ इंची चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारा पडदा), त्यातच फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून खोली दाखवणारं सोनार), २५ वॉटचा व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, आणि एआयएस रिसीव्हर (जहाजं स्वतःची माहिती रेडिओवर पाठवतात ती पकडणारा) बसवला. मे अखेर बोट वर काढली, आता आवारात ताडपत्रीखाली आहे. पाऊस बाहेर पडू देत नाही म्हणून हे लिहायला बसलो.

कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. या किमतीतली तीन-चार कंपन्यांची यंत्रं उन्नीस-बीस आहेत. आठ महिन्यांत जो मनस्ताप झाला त्यातला बहुतेक यंत्रांमुळे नव्हे, त्यांच्यामागच्या वायरमुळे झाला. आणि वायर निवडण्यात आम्ही जेमतेम दहा मिनिटं घालवली होती.

पहिल्याच रविवारी इंजिनला सेल मारला आणि प्लॉटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुढच्या वेळी तेच. एकाच बॅटरीवर सगळा संसार होता. स्टार्टर फिरताना व्होल्टेज क्षणभर दहाच्या खाली जातं आणि प्लॉटर मान टाकतो. उपाय सर्वांना माहीत आहे, आम्हालाही होता, पण जागा नाही म्हणून टाळला होता. शेवटी सीटखाली दुसरी बॅटरी बसवली आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले टाकला. इंजिन चार्ज करायला लागलं की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात, इंजिन बंद झालं की थोड्या वेळात सुटतात. सेल मारायची बॅटरी वेगळी, पडद्याची वेगळी. तो त्रास तिथे संपला.

व्हीएचएफचं मात्र रडगाणं चालूच. ऐकू यायचं छान, पण बोलायला बटण दाबलं की रेडिओ लो-व्होल्टेजची शिट्टी मारायचा. मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १२.६, सुकाणूपाशी ११.५. बसवणाऱ्या मिस्त्रीने घरगुती दीड एमएमची वायर ओढली होती. मागच्या बॅटरीपासून पुढे सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. २५ वॉटवर बोलताना रेडिओ पाच-सहा अँपिअर खातो, प्लॉटरचे दोन. आठ अँपिअरला त्या वायरमध्येच एक व्होल्टच्या वर गळतो. बोटीच्या कामात महत्त्वाच्या सर्किटला तीन टक्के, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ इतकीच घट चालवून घेतात. सहा एमएमची वायर टाकली तर घट ०.३ च्या आत आली आणि शिट्टी थांबली.

जुनी वायर ओढून काढली तेव्हा खरी गंमत दिसली. टोकापासून वीतभर आत तांबं काळं पडलेलं, लगपाशी (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) हिरवी पूड. तीन महिन्यांत! खारी हवा वायरच्या आवरणाखालून आत सरकते. तिथे कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायरच हवी. लगवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. हे सगळं सामान मिळून पडद्याच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातही बसलं. (बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची वायर मात्र मेन स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह. स्विच बंद करून आपण घरी जातो, पाणी घरी जात नाही.)

आता ट्रान्सड्यूसर, म्हणजे फिशफाइंडरचा पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग. मागच्या फळीवर खाली बसवला. जेट्टीपाशी खोली अगदी बरोबर. बारा-तेरा नॉटच्या पुढे गेलं की आकडा चुकायला लागायचा, पंधराला नुसत्या चमकणाऱ्या रेषा. बोटीच्या तळावर लांबट उंचवटे असतात, त्यांच्यामागे पाण्यात हवेचे बुडबुडे धावतात आणि आमचा ट्रान्सड्यूसर नेमका त्याच रांगेत होता. बुडबुड्यांतून आवाजाची लाट जात नाही. काढला, पंख्यापासून दूर, उजव्या बाजूला स्वच्छ पाण्याच्या पट्ट्यात लावला. आमचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे उजवीकडे पाती खाली जातात आणि तिकडे बुडबुडे कमी. आता वीस नॉटलाही तळ दिसतो. या धावपळीत मागच्या फळीला तीन फुकटची भोकं पडली, ती इपॉक्सीने बुजवली. तुम्ही आधी भाजी चिरायच्या फळीसारखा जाड प्लास्टिकचा तुकडा बोटीला चिकटवा आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू त्यात मारा. मग हवा तितक्या वेळा हलवा.

तळ वाचायला शिकायला मात्र वेळ लागला. खांदेरीजवळच्या खडपावर पट्टा जाड, ठळक, आणि खाली दुप्पट खोलीवर त्याची दुसरी सावली. रेवसच्या तोंडाशी गाळावर तोच पट्टा बारीक आणि फिका. सुरुवातीला मला वाटलं यंत्र बिघडलं. थळचे आमचे तांडेलकाका एकदा सोबत होते, ते म्हणाले, "बिघडलं नाय, चिखल हाय." त्यांनी काठी बुडवून दाखवली, टोकाला काळा लगदा.

चार्टवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. त्यातली खोली ही जवळजवळ सर्वांत कमी ओहोटीची असते. आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, त्यामुळे पडद्यावर लाल दिसणाऱ्या जागेवरून भरतीला आरामात जाता येतं. उलटं जास्त वाईट. नोव्हेंबरात रेवदंड्याला कुंडलिकेच्या तोंडाशी चार्टवर दोन मीटर होतं आणि सोनारवर ०.८. पावसाळ्यात वाळूची दांडी सरकली होती. चार्टला ते कोण सांगणार? तेव्हापासून खाडीच्या तोंडाशी सोनारचा आकडा मोठा करून ठेवतो आणि भरतीच्याच वेळेला आत शिरतो.

एआयएस घेतला तो मुंबई बंदराच्या भीतीने. गेटवेकडे जाताना मोठ्या जहाजांचं नाव, वेग, दिशा पडद्यावर येते आणि ते जहाज नांगरून आहे की आपल्या अंगावर येतंय हे लगेच कळतं. पहिले दोन महिने मात्र तीन मैलांपलीकडचं जहाजच दिसेना. दोष अँटेनाच्या कनेक्टरचा. मिस्त्रीने डाख न देता नुसता कसून बसवला होता, आत ओल. नवा पीएल-२५९ कनेक्टर नीट डाख देऊन बसवला, वरून टेप गुंडाळली, आता बारा-चौदा मैलांवरची दिसतात. पण नांगरलेल्या जहाजांमुळे धोक्याची घंटा सतत वाजते, तिची मर्यादा कमी करावी लागते. डोल जाळ्यांचे खुंट, बोये आणि छोट्या होड्या यात अजिबात नसतात. रात्री त्यासाठी एक माणूस नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसवावाच लागतो.

व्हीएचएफला परवाना लागतो, ते कागद आधी करा. संकटाचा संदेश आपोआप पाठवणाऱ्या लाल डीएससी बटणामागे नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओ-ओळख क्रमांक, भरल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. आपले आकडे ४१९ ने सुरू होतात. संकटाच्या हाकेचं चॅनेल १६ सतत चालू ठेवतो, आणि तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ फोनमध्ये आहेच.

इंजिनचे आकडे प्लॉटरवर आणणारी एनएमईए २००० ची साखळी (यंत्रांना एकमेकांशी जोडणारी डेटा-केबल) अधूनमधून मुकी व्हायची. वीज बंद करून मीटरने तपासलं. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाचे रोधक) असतील तर ६० दिसायला हवेत. दिसले १२०. एक बसवलेलाच नव्हता, खोक्यात पडून होता.

पडद्याबद्दल दोनच तक्रारी. पोलराइज्ड गॉगल घालून तिरपं पाहिलं की तो काळा ठिक्कर. आणि टच स्क्रीनवर खारं पाणी उडालं की नकाशा आपोआप भटकायला लागतो. बटणं आणि फिरता खटका असलेलं मॉडेल घ्या, भले दोन इंच लहान मिळो. आम्ही मोठ्या पडद्याला भुललो.

पावसाळ्यासाठी प्लॉटर आणि रेडिओ काढून घरात डब्यात, सिलिका जेलसकट. ट्रान्सड्यूसरवर चिकटलेले बार्नॅकल लाकडी पट्टीने खरवडले, धातूने नाही. बॅटऱ्या महिन्यातून एकदा चार्जरवर. एवढं सगळं करून गेल्या आठवड्यात ताडपत्री उचलली तर पाणी वाढलं की बिल्ज पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर उंदराने कुरतडलेली. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात जाईल, त्याआधी ही वायर नव्याने ओढायची आहे. सामान आणून ठेवलंय, पाऊस उघडायची वाट बघतोय.