जुनी गाडी: घाटावरची की इथलीच?

अडीच-तीन लाखांत जुनी वॅगन आर, आय-टेन नाहीतर स्विफ्ट घ्यायची, एवढं बहुतेकांचं ठरलेलं असतं. मग मॉडेल, अ‍ॅव्हरेज, रंग यांवर बोलणं चालतं. गाडी इतकी वर्षं उभी कुठे राहत होती, हे कोणी विचारत नाही. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाने आधी तेच ठरवावं असं मला वाटतं. एमएच-०७, ०८ (सिंधुदुर्ग, रत्नागिरी) नंबरची इथलीच गाडी घ्यायची, की घाट चढून कोल्हापूर, कराड, पुण्याकडची आणायची?

इथल्या गाडीचे फायदे खरे आहेत. मालक ओळखीतला निघतो, गाडी कोणत्या गॅरेजला जाते ते माहीत असतं, आणि तिथला मेकॅनिक दोन प्रश्नांत खरं काय ते सांगून टाकतो. पुण्याच्या गाडीचं तसं नाही. सिग्नलला हाफ क्लचवर धरून धरून क्लचप्लेट झिजलेली असते. चढावर तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीने वेग घेतला नाही, तर प्लेट गेली समजा. चाकांना धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकच्या डिस्क हेही तपासावं लागतं.

पण हे सगळं सुटे भाग आहेत. बदलले की विषय संपतो. पत्रा बदलता येत नाही, आणि माझा कौल तिथेच ठरला.

या लहान गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, नसते. तळाचा पत्रा, दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या, पुढच्या शॉकअपच्या वाट्या, सगळा भार यांच्यावरच. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पत्रा धड सुकतच नाही. त्यात दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जायला जी भोकं असतात, ती लाल मातीने बुजतात. पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाखाली मुगाएवढा फोड दिसतो, तेव्हा आतली पट्टी बरीचशी सडलेली असते. मग लांबी (पुट्टी) भरून रंग मारला जातो. गणपतीत गाडी छान दिसते, पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा फोड. वेल्डिंग, लांबी, रंग, दर दोन वर्षांनी तेच.

म्हणून इथली गाडी बघताना बॉनेट शेवटी उघडा. आधी डिकीतली चटई उचलून स्टेपनी बाहेर काढा. मासळीचे क्रेट वाहिले असतील तर बर्फाचं खारं पाणी त्या खड्ड्यात मुरलेलं असतं. तळ खरखरीत लागेल, बोटाला तपकिरी पूड येईल. दरवाज्याची खालची कड बोटाने चाचपा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पट्टीवरून फिरवा. मध्येच पकड सुटली तर तिथे लांबी आहे. पेट्रोल भरायच्या झाकणामागची नळी, बॅटरीखालचा ट्रे, शॉकअपच्या वाट्यांचे सांधे बघा. रॅम्पवर चढवून ब्रेकचे पाइप बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तळाला ताजं काळं कोटिंग दिसलं, तर ते कशावर मारलंय ते विचारा. गंजावर मारलेलं कोटिंग ओलावा आत कोंडतं.

सावंतवाडी, देवरुखसारख्या आतल्या गावातली, शेडमध्ये राहिलेली गाडी मिळाली तर माझं म्हणणं थोडं मवाळ होईल. मुंबईच्या गाडीला मात्र खारी हवाही लागलेली असते आणि ट्रॅफिकही. गोव्याची स्वस्त वाटते, पण तीही किनाऱ्याचीच, वर इथे आणल्यावर महाराष्ट्राचा कर भरून नोंदणी पुन्हा करावी लागते. पुण्याची गाडी राज्यातलीच असल्याने नंबर तोच राहतो. गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र व कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, हे इथल्या गाडीलाही लागतंच.

घाटावरच्या गाडीत एकच मोठा धोका: पूर. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ला पुन्हा तिकडे पाणी भरलं. २०२१च्या जुलैत आपलं चिपळूण आणि महाडही बुडालं, तेव्हा ही तपासणी दोन्हीकडे करायची. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीची रेघ दिसते का पाहा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो का, तेही बघा. शंका आली तर स्वस्त मिळाली तरी सोडा.

मी स्वतः घाटावरची घेतली, आणि क्लचचा खर्च सौद्यातच धरला. तुमचं अंगण समुद्रापासून दूर असेल तर हिशोब वेगळा होऊ शकतो. पण आणायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये आणा. तळ धुऊन, दोन दिवस कडक उन्हात सुकवून मगच कोटिंग करून घ्या. पावसात केलेलं धरत नाही. दरवाज्यांची भोकं मिरगाच्या आधी तारेने मोकळी करा. आणि प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली गाडी घामेजते; माडाच्या झापांची का होईना, पण वारा खेळेल अशी शेड बरी.